दोन तासांचं विमान, साडेतीन वर्षांची मुलगी आणि बिझनेस क्लास

सुट्टीत पोरांना घेऊन दिल्लीला जायचंय, बिझनेस क्लास घ्यावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट दोन प्रश्न विचारते. मूल दुपारी किती वाजता झोपतं, आणि बॅगा किती आहेत? खुर्ची किती रुंद, पाय किती पसरतात, जेवायला काय देतात, हे सगळं नंतर. मुंबई-दिल्ली म्हणजे हवेतले जेमतेम दोन-सव्वादोन तास. त्यातही चढताना आणि उतरताना पट्टा बांधून बसायचं, मधे जेवणाचा ट्रे. मऊ खुर्चीचं सुख भोगायला वेळ उरतोच किती? पण डोंबिवलीहून निघून दिल्लीतल्या हॉटेलात पोचेपर्यंत आमचा आख्खा दिवस जातो, आणि त्यातला वैतागाचा भाग बहुतेक जमिनीवरचा असतो. रांगा, बॅगा, ताटकळणं. बिझनेसच्या तिकिटाचे पैसे वसूल होतात ते तिथे.

पैशाचं आधी

दोन वर्षांच्या आतलं मूल मांडीवर बसून जातं, त्याला सीट मिळत नाही आणि पैसेही थोडेच लागतात. दोन पूर्ण झाली की स्वतंत्र सीट घ्यावीच लागते. वय प्रवासाच्या दिवशीचं धरतात, बुकिंगच्या दिवशीचं नाही. म्हणजे दुसरा वाढदिवस दिल्लीत साजरा करणार असाल तर जाताना मांडीवर आणि येताना सीटवर, असं दोन तऱ्हेचं तिकीट निघेल. मांडीवरच्या बाळासाठी बिझनेस घ्यायचा विचार असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आईला कोपर टेकायला जागा मिळते म्हणून घ्या. बाळाला काही फरक पडत नाही. आणि लांबच्या परदेशी विमानात भिंतीला अडकवतात तो पाळणा देशांतर्गत छोट्या विमानात मिळेल या आशेवर राहू नका.

तिकिटाची तुलना करताना मूळ भाडं बघू नका, शेवटचा आकडा बघा. इकॉनॉमीवर ५ टक्के जीएसटी आहे. बिझनेसवर आधी १२ होता, २२ सप्टेंबर २०२५ पासून तो १८ टक्के झाला. तिघांच्या तिकिटांत हा फरक चांगलाच जाणवतो. आमच्याकडे नवरा सीए आहे, त्यामुळे ही तुलना एक्सेलमध्ये होते आणि तिला रंगही दिले जातात. मी मात्र एकच ठोकताळा वापरते. माणशी फरक हॉटेलच्या एका रात्रीच्या भाड्यापेक्षा कमी असेल तर घ्यायचा, जास्त असेल तर ते पैसे हॉटेलात घालायचे. मुलं हॉटेलातल्या बाथटबमध्ये जितका वेळ रमतात तितका कुठल्याच खुर्चीत रमत नाहीत.

दोन्ही वेळा घेणं परवडत नसेल तर येतानाचा घ्या. बहुतेक जण उलट करतात, कारण जाताना हौस असते. पण जाताना सगळे ताजेतवाने असतात, बॅगा मोजक्या असतात आणि मूल विमान बघूनच खूश असतं. येताना त्याच मुलाचे पाय दुखत असतात, बॅगांमध्ये आग्र्याचा पेठा आणि जयपूरच्या रजया आलेल्या असतात, आणि दिवस कलता कलता विमानांचा उशीर साठत जातो. बसायला निवांत जागा आणि जास्तीचं सामान, दोन्हीची गरज तेव्हा असते.

वारही बघून घ्या. सोमवारी सकाळी आणि शुक्रवारी संध्याकाळी मुंबई-दिल्लीचा पुढचा डबा, म्हणजे विमानातला बिझनेसचा भाग, ऑफिसवाल्यांचा असतो. सगळ्यांच्या मांडीवर लॅपटॉप, आणि आपलं पोर ‘आई, ढग खाता येतात का?’ असं खणखणीत आवाजात विचारत असतं. कुणी काही बोलत नाही, पण आपल्यालाच घाम फुटतो. शनिवारी दुपारी किंवा आठवड्याच्या मधल्या दिवशी जावं. तिकीट स्वस्त सापडण्याची शक्यता जास्त, आणि आजूबाजूला आपल्यासारखीच पोरंबाळंवाली माणसं. डिसेंबर-जानेवारीत तर दिल्लीची सकाळची विमानं नकोतच. धुक्यात ती तासन्‌तास अडकतात, आणि धुकं एअरलाइनच्या हातात नसल्यामुळे नुकसानभरपाईही मिळत नाही. त्या दिवसांत मी दुपारी बारानंतरचंच विमान घेते.

सीट निवडताना

इथे थोडं थांबून नीट वाचा, कारण निम्मी भांडणं इथे ठरतात.

देशांतर्गत मार्गावर बहुतेक करून एअरबस ३२० जातीची अरुंद विमानं असतात आणि त्यांत बिझनेसच्या सीट दोन-दोनच्या जोडीत असतात, मधे वाट. म्हणजे आई, बाबा आणि एक मूल असं त्रिकूट असेल तर एक जण वाटेपलीकडे एकटा बसणार. इकॉनॉमीत तिघांची सलग ओळ मिळते, इथे मिळत नाही. आजी बरोबर असतील तर प्रश्न मिटला, दोन जोड्या होतात. आमच्या सासूबाई खिडकी सोडत नाहीत, त्यामुळे त्यांच्या जोडीत नवरा आणि माझ्या जोडीत लेक, अशी कायमची वाटणी आहे. डीजीसीएने, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाने, एप्रिल २०२४ मध्ये एअरलाइन्सना बजावलं आहे की बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच बुकिंगमधल्या आई-वडिलांपैकी किंवा पालकांपैकी निदान एकाच्या शेजारी सीट द्यायची. पण त्यासाठी सगळ्यांचं तिकीट एकाच पीएनआरवर, म्हणजे एकाच बुकिंग नंबरवर हवं. एअरलाइनचे किंवा कार्डाचे साठलेले पॉइंट्स वापरायचे म्हणून एकाचं वेगळं काढलंत तर फोन करून दोन्ही बुकिंग जोडून घ्या.

आता सर्वात पुढची ओळ. सगळ्यांना तीच हवी असते. समोर भिंत, पाय ठेवायला ऐसपैस जागा, पुढच्याच्या खुर्चीला लाथा बसण्याचा प्रश्नच नाही. लाथांपुरतं हे खरं. पण तिथे समोर खुर्ची नसल्यामुळे जेवणाचा ट्रे हाताच्या कठड्यातून बाहेर येतो, आणि विमान उडताना-उतरताना तुमची बॅग पायाशी ठेवता येत नाही, वरच्या कप्प्यात टाकावी लागते. म्हणजे रुमाल, पाण्याची बाटली, रंगखडू सगळं नेमकं हवं तेव्हा डोक्यावर बंद. मूल दोन-तीन वर्षांचं आणि लाथाळ असेल तर पहिली ओळ घ्या. चारच्या पुढे असेल आणि सांगितलेलं ऐकत असेल तर दुसरी. समोरच्या सीटखाली बॅग राहते आणि समोरचा खिसाही मिळतो.

दुसरी गोष्ट कुणी सांगत नाही. बिझनेसच्या दोन सीटमधला कठडा रुंद आणि पक्का असतो, वर उचलता येत नाही. इकॉनॉमीत आपण कठडे वर करतो, मुलाचं डोकं मांडीवर घेतो, पाय बाबांच्या मांडीवर, आणि मूल आडवं होऊन गाढ झोपतं. पुढच्या डब्यात तसं होत नाही. मूल आपल्या खुर्चीत एकटं, आणि ती खुर्ची साध्या विमानात मागे रेलते, पूर्ण आडवी होत नाही. काही विमानांत पलंगासारख्या सीट असतात. मुंबई-दिल्लीवर अधूनमधून परदेशी मार्गावरची मोठी विमानंही लावतात, त्यांतही त्या मिळतात. बुकिंग करताना विमानाचा प्रकार लिहिलेला असतो, तो बघा, पण तो ऐनवेळी बदलू शकतो हेही धरून चाला. तात्पर्य, मूल हमखास झोपायच्या वेळेचं विमान असेल आणि ते कुशीतच झोपणारं असेल, तर इकॉनॉमीची तिघांची ओळ सरस. मी हे बिझनेसची बाजू घेऊन लिहीत असले तरी हेच खरं आहे.

इंडिगोने १४ नोव्हेंबर २०२४ पासून दिल्ली-मुंबईवर ‘स्ट्रेच’ नावाचा आपला बिझनेस क्लास सुरू केला. विमानात पुढे १२ सीट, दोन-दोनच्या जोडीत, पुढच्या-मागच्या ओळींत ३८ इंच अंतर. लहान मुलाच्या दृष्टीने हे अंतर म्हणजे पाय समोर पोचतच नाहीत. पण लाउंज (विमानतळावरची खाण्यापिण्याची सोय असलेली बसायची खोली) तिकिटात धरलेला आहे की नाही, हे कुठल्याही कंपनीचं तिकीट काढताना वाचून घ्या. बिझनेस म्हटलं की लाउंज आलाच, असं गृहीत धरू नका.

घरातून निघताना

जन्मदाखला फोनमध्येही ठेवा आणि एक झेरॉक्सही बरोबर घ्या. मांडीवरच्या बाळाचं वय काउंटरवर हमखास विचारतात. मुलाचं आधार कार्ड असेल तर तेही घ्या. टर्मिनल आदल्या रात्री तपासा. मुंबईत टर्मिनल १ आणि २ यांमध्ये चांगलंच अंतर आहे, आणि आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, त्यामुळे ‘मुंबई’ एवढं वाचून कॅबमध्ये बसू नका.

हाताशी ठेवायची बॅग एकच, आणि ती मुलाच्या नावाची. माझ्या बॅगेत असतं ते असं: कपड्यांचा एक जोड मुलीचा आणि एक टीशर्ट माझा (उलटी नेहमी दोघींवर होते), ओले रुमाल, झिपच्या दोन रिकाम्या पिशव्या, पातळ शाल, झाकणाचा पेला, स्टिकरचं पुस्तक, आणि गुळाच्या दशम्या. दशमी चुरत नाही, सांडत नाही, दोन दिवस टिकते. लाडू नेऊ नका, खुर्चीच्या फटीत गेलेला बेसनाचा चुरा निघता निघत नाही. पॉवर बँक हातातल्याच सामानात ठेवायची, चेक-इनच्या बॅगेत चालत नाही. सुकं खोबरं आणि लोणच्याची बरणी बरोबर घेऊ नका, खोबऱ्यात तेल असतं म्हणून ते अडवतात. आणि खेळण्यातली बंदूक घरी ठेवा. प्लास्टिकची असो, पिचकारी असो, सिक्युरिटीला ती बाहेर काढतात आणि मग पोर तिथेच भोकाड पसरतं. बाळाचं दूध आणि खाणं मात्र नेऊ देतात, फक्त ते वेगळं काढून दाखवा.

सर्दी असेल तर दोन दिवस आधी डॉक्टरांना कान दाखवून घ्या. आणि कुणीतरी सांगतं ना, ‘सर्दीचं औषध थोडं पाज, झोपेल छान’, ते करू नका. काही मुलं त्याने झोपायच्या ऐवजी जास्तच नाचतात, आणि डॉक्टरांना न विचारता औषध द्यायचं कशाला?

विमानतळावर

बिझनेसचा काउंटर वेगळा असतो आणि रांग छोटी, इथून पैसे वसूल व्हायला सुरुवात होते. बॅगांचं वजन साध्या तिकिटापेक्षा जास्त चालतं, नेमकं किती ते तिकिटावर छापलेलं असतं. बॅगांना ‘प्रायॉरिटी’ची पट्टी लावली का, ते आपल्या डोळ्यांनी बघा. घाईत राहून जाते, आणि ती नसली तर बॅगा उशिरा येतात आणि दिल्लीत सामानाच्या पट्ट्याशी उभं राहून पोर कंटाळतं. बाबागाडी असेल तर ती विमानाच्या दारापर्यंत न्यायची आहे असं इथेच सांगा, म्हणजे तिलाही टॅग लावतात.

सिक्युरिटीला बायकांची तपासणी वेगळ्या पडद्यामागे होते. मूल आईबरोबर ठेवा, आणि बाबांनी ट्रे, बॅगा, बाबागाडी सांभाळायची, हे रांगेत लागायच्या आधी ठरवा. बाबागाडी रिकामी करून घडी करावी लागते, त्यामुळे तिच्या खालच्या जाळीत बारीकसारीक काही कोंबू नका.

लाउंजमध्ये पोचल्यावर पहिलं काम जेवणाच्या टेबलाकडे धावणं नाही. आधी बाथरूमचा रस्ता बघायचा आणि मग भिंतीकडेचा सोफा धरायचा, दारापासून लांब. सुट्टीत लाउंजमध्येही मासळी बाजार असतो. तिथे मुलांना मोजकं खायला द्यावं. इडली, थोडा दहीभात, पाणी. केकचे तुकडे आणि ज्यूस रांगेने मांडलेले असतात, पोरं तिकडेच जातात, आणि त्याचा परिणाम विमान वर चढताना दिसतो. विमानाला उशीर झाला तर मात्र हा लाउंजच तारतो. गेटजवळच्या लोखंडी खुर्च्यांवर तीन तास काढणं आणि इथे शाल पांघरून मुलीला झोपवणं, यात माझ्या दृष्टीने तिकिटाचा सगळा फरक भरून निघतो. नियम म्हणून हेही माहीत असू द्या: उशीर सहा तासांपेक्षा जास्त होणार असेल तर एअरलाइनने दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, यांपैकी एक द्यायला हवं. तो पर्याय मागितल्याशिवाय कुणी पुढे करेलच असं नाही.

आत कधी जायचं

बिझनेसवाल्यांना आणि लहान मुलांवाल्यांना आधी बोलावतात. ऐकायला छान वाटतं. पण आधी जाऊन काय, तर बंद विमानात अर्धा तास जास्त बसून राहायचं, आणि बाजूने दीडशे माणसं बॅगा आपटत जाणार. आम्ही दोन तुकड्या करतो. नवरा बॅगा घेऊन पहिल्या हाकेला आत जातो, वरचा कप्पा पकडतो. मी लेकीला घेऊन काचेशी उभी राहते, सामान चढवणाऱ्या गाड्या दाखवते, शेवटच्या हाकेला बाथरूम उरकूनच आत जाते. सीट पुढेच असल्यामुळे उशिरा जाऊनही कुणाला ओलांडावं लागत नाही.

एरोब्रिज, म्हणजे गेटपासून विमानाच्या दारापर्यंतचा बंद पूल, नसला आणि बसने जायचं असेल तर मात्र पहिल्याच बसमध्ये चढा. बिझनेसवाल्यांना कधी वेगळी गाडी देतात, कधी नाही.

विमानात

खुर्चीत बसवल्यावर आधी पट्टा. मोठ्यांच्या रुंद, गुळगुळीत खुर्चीत लहान मूल खाली घसरतं आणि पट्टा पोटावर येतो. पाठीमागे उशी लावा, मूल थोडं पुढे येतं, गुडघे कडेला वाकतात आणि पट्टा मांड्यांच्या वर, कंबरेच्या हाडावर बसतो. मग खुर्चीची बटणं. ती कठड्यातच असतात आणि मुलाला सापडायला दहा सेकंद पुरतात. आमच्या लेकीने पायाखालची फळी वर-खाली, वर-खाली इतक्यांदा केली की पलीकडचे काका पेपर खाली ठेवून तिच्याकडेच बघत बसले. विमान जमिनीवर उभं असताना बटणं मनसोक्त दाबू द्या आणि ‘आता विमान झोपतंय, बटणं झोपली’ असं जाहीर करून विषय संपवा. नाही म्हणत राहिलात तर दोन तास तेच चालेल.

कानाचा त्रास चढताना कमी, उतरताना जास्त असतो. गिळत राहिलं की कान मोकळे होतात, म्हणून विमान खाली यायला लागलं की पेल्यातून घोट घोट पाणी पाजा. बाळ असेल तर अंगावर किंवा बाटलीने दूध. उतरायच्या साधारण अर्धा तास आधी विमान खाली यायला लागतं, पट्ट्याची खूण नंतर लागते, त्यामुळे घड्याळावर लक्ष ठेवा. झोपलेलं मूल गिळत नाही आणि मग दुखऱ्या कानाने दचकून उठतं. जीवावर येतं, पण त्या वेळी हळूच जागं करा.

जेवणासाठी मुलांचं ताट हवं असेल तर आधीच्या दिवसापर्यंत सांगून ठेवावं लागतं. तसं नसेल तरी क्रूला दोन गोष्टी सांगा. मुलाचं आधी द्या, आणि गरम काही देऊ नका. पुढच्या डब्यात चिनी मातीच्या बश्या, काचेचे ग्लास आणि वाफाळतं ताट असतं, आणि पहिल्या ओळीतला कठड्यातला ट्रे मुलाच्या छातीशी येतो. मी मुलीला कागदी कपातच पाणी मागते, अर्धाच कप. तुमचं दोघांचं जेवण एकाच वेळी घेऊ नका. एकाने खाल्लं, ट्रे उचलला, की मग दुसऱ्याने. दोघांपुढे ट्रे असताना मुलाला शू आली की काय होतं हे ज्याचं त्याने कल्पून घ्यावं.

शूचंच आलं म्हणून सांगते. पुढच्या डब्याला बाथरूम बहुधा एकच असतं, आणि वैमानिकही तेच वापरतात. ते बाहेर येतात तेव्हा क्रू गाडी आडवी लावून वाट बंद करतात आणि तेवढा वेळ कुणालाच जाऊ देत नाहीत. त्यामुळे मूल ‘थोडी आलीये’ म्हणालं की लगेच उठा. जेवणाची गाडी निघायच्या आधीची दहा मिनिटं त्यासाठी सगळ्यात बरी.

मूल रडलंच तर रडू द्या आणि उभं राहून खांद्यावर घ्या, पट्ट्याची खूण नसेल तर. पडद्यामागे क्रूच्या जागेत दोन मिनिटं उभं राहू का, असं विचारलं तर बहुतेक वेळा हो म्हणतात. पुढच्या डब्यात माणसं कमी असल्याने एका रडण्याकडे जास्त माना वळतात हे खरंय. पण त्या मानांपैकी निम्म्यांना घरी नातवंडं असतात.

उतरल्यावर

दार उघडलं की बिझनेसवाले आधी बाहेर. याचा फायदा घ्या, आणि आधीच बाबागाडीबद्दल क्रूला विचारून ठेवा, की दाराशी मिळणार की पट्ट्यावर. दिल्लीच्या टर्मिनल ३ मध्ये दारापासून सामानाच्या पट्ट्यापर्यंत चांगलंच चालावं लागतं. गाडी दाराशी मिळणार नसेल तर मूल कुणी उचलायचं हे विमानातच ठरवा. प्रायॉरिटीच्या बॅगा पहिल्या झटक्यात येतात, म्हणून एकाने तडक पट्ट्याकडे जायचं आणि दुसऱ्याने मुलाला बाथरूममध्ये. बाहेर गाडीवाल्याला फोन बॅगा हातात आल्यावरच करा. आधी केलात तर तो पार्किंगमधून निघून गेटवर येतो, त्याला तिथे थांबू देत नाहीत, आणि तो पुन्हा फेरी मारून येईपर्यंत तुम्ही बॅगा आणि पोर घेऊन फुटपाथवर उभे.